यंत्रं एक झाली, माणसं दोन ठेवा

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत तुम्ही साप्ताहिक चालवत असाल, केबलवर रोजचं बातमीपत्र देत असाल, यूट्यूबवर शहराच्या बातम्यांची वाहिनी काढली असेल किंवा लग्न-मुंजींचं शूटिंग करता करता आता पुढाऱ्यांच्या रील बनवू लागला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. वीस वर्षांपूर्वी हे चार वेगळे धंदे होते. साप्ताहिकाला डीटीपी ऑपरेटर आणि छापखाना लागे. केबलच्या बातम्यांना कॅमेरामन, एडिटर आणि कंट्रोल रूमपर्यंत कॅसेट पोचवणारा पोऱ्या लागे. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे मिक्सर आणि खांद्यावरचा मोठा कॅमेरा असे. आज चौघांच्या टेबलावर तोच फोन, तोच लॅपटॉप आणि तीच दोन-तीन ॲप आहेत. जाहिरात मागायलाही चौघं त्याच सराफाकडे, त्याच कोचिंग क्लासकडे आणि त्याच बिल्डरकडे जातात.

यंत्रं अशी एकत्र आली की मालकाच्या डोक्यात पहिला हिशेब पगाराचा सुरू होतो. यंत्र एकच, मग माणसं दोन कशाला? तोच पोरगा बातमी आणेल, शूट करेल, एडिट करेल, मथळा लिहील, टाकेल आणि कमेंटांना उत्तरंही देईल. हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण बातमी गोळा करण्याचं काम एकट्या माणसाला देता येतं. ती तपासण्याचं काम त्याच माणसाला देता येत नाही. आपण आणलेल्या बातमीतली चूक आपल्याला दिसत नाही, आणि घाईत तर मुळीच दिसत नाही.

फुकटात होणारी तपासणी

ठाण्याला वर्तमानपत्रं नवी नाहीत. ‘अरुणोदय’ इथून 1866 साली निघालं. ‘ठाणे वैभव’ हे दैनिक 1975 पासूनचं. खिळ्यांच्या काळात आणि पुढे डीटीपीच्या काळातही कार्यालयातली कामाची उतरंड यंत्रांनीच ठरवून दिली होती. वार्ताहराने कागदावर लिहायचं, उपसंपादकाने ते कापायचं, कंपोझिटरने जुळवायचं, मुद्रितशोधकाने वाचायचं, मग पान लावायचं. मजकूर एवढ्या हातांतून जाई तो कुणाला तपासणीची हौस होती म्हणून नव्हे. एकट्याला ते सगळं करणं शक्यच नव्हतं. यंत्रांच्या अडचणीमुळे तपासणी आपसूक, जवळजवळ फुकटात होत होती. अडचण गेली तशी तपासणीही गेली. ती बंद करायची असा निर्णय कुठल्याही कार्यालयात कधी कुणी घेतला नाही, म्हणून ती गेल्याचं लक्षातही आलं नाही.

केबलचीही वेगळी गोष्ट नाही. देशातल्या ज्या 38 शहरांना 31 मार्च 2013 पर्यंत केबल डिजिटल करण्याची मुदत होती, त्यांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली होती. सेट-टॉप बॉक्स आला आणि वायरमधून आपली वाहिनी सोडणं पूर्वीसारखं ओळखीपाळखीवर राहिलं नाही. मग सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि केबलवाल्याला न विचारता घराघरांत शिरायचा रस्ता मोकळा झाला. त्या रस्त्यावर टोल नव्हता, तसा चौकीदारही नव्हता.

मोठ्या घरांतही हेच चाललं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये वायकॉम18 आणि स्टार इंडिया एक झाल्या. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या एकमेकींशी रोज भांडणाऱ्या वाहिन्या एकाच मालकाकडे आल्या, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्हीकडचं सामान जिओहॉटस्टार या एका ॲपवर गेलं. घोडबंदर रोडच्या परिसरात मालिकांचं शूटिंग चालतं. तिथे धडपडणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन: एकच एपिसोड आता टीव्ही, ॲप आणि इन्स्टाग्राम अशा तीन ठिकाणी जातो, त्यामुळे आडवं-उभं दोन्ही कापता येणारा, रोजचं फुटेज नीट नावं देऊन जपणारा माणूस सेटवर लागतोच. पण सगळ्यातलं थोडं थोडं येणाऱ्याला कामही थोडं थोडंच मिळतं. ध्वनी, प्रकाश, एडिटिंग, लेखन यांतलं एक काहीतरी असं शिका की त्यासाठी तुमच्याच नावाने फोन येईल. बाकीचं कामापुरतं येऊ द्या.

एकत्र बसवलं की संस्था तरते, हा समजही आधीच उतरवून ठेवू. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा शहरात मार्च 2000 मध्ये ‘टँपा ट्रिब्यून’ हे वर्तमानपत्र, डब्ल्यूएफएलए ही टीव्ही वाहिनी आणि टीबीओ डॉट कॉम हे संकेतस्थळ एका नव्या इमारतीत आणून बसवलं. पत्रकारितेच्या अभ्यासकांनी त्या इमारतीवर भरपूर लिहिलं. मे 2016 मध्ये प्रतिस्पर्धी ‘टँपा बे टाइम्स’ने ते वर्तमानपत्र विकत घेतलं आणि बंद केलं. जाहिरातीचा पैसा दुसरीकडे वळला होता, तो इमारतीने परत आणला नाही. तेव्हा गाळा वाढवून, काचेची केबिन आणि हिरवा पडदा लावून सुरुवात करू नका.

स्फोटाच्या दिवशी

तपासणी वेगळी ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका घटनेवरून पाहू. 23 मे 2024 च्या दुपारी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. आवाज लांबपर्यंत गेला, काचा फुटल्या, आणि पाठोपाठ फोनमधले व्हिडिओ फिरू लागले. असा दिवस पुन्हा येईल. इच्छा म्हणून नाही म्हणत. ज्या पट्ट्यात रासायनिक कारखाने आणि इमारती एकमेकांना खेटून आहेत तिथे त्याची तयारी ठेवावीच लागते.

पळणाऱ्या वार्ताहराकडे चार गोष्टी मागा: सुरक्षित अंतरावरून फोन आडवा धरून काढलेलं, किमान अर्ध्या मिनिटाचं स्थिर दृश्य; उभे दोन-तीन तुकडे; पाच-सहा छायाचित्रं; आणि स्वतःच्या आवाजातली एक नोंद, ज्यात वेळ, जागा, कुणाशी बोललो आणि त्याने काय सांगितलं हे असेल. ही शेवटची नोंद सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची. छापील मजकूर, व्हॉइसओव्हर, मथळा, सगळं तिच्यावरून होतं. त्याने तिथे उभं राहून मथळे लिहीत बसू नये. कशाची काय पोस्ट होणार, हे त्याला माहीत असण्याचीही गरज नाही.

दुसरा माणूस कार्यालयात किंवा स्वतःच्या घरी. “दादा, टाकू का?” हा प्रश्न त्याला विचारायचा, आणि ‘टाक’ म्हणण्याआधी त्याने दोन फोन करायचे: एक अग्निशमन दलाला, एक हद्दीच्या पोलीस ठाण्याला. मृतांचा आकडा लिहिताना त्याच्या शेजारी वेळ आणि कुणी सांगितला ते लिहायचंच. अमुदानच्या वेळी आकडा पहिल्या दिवशी थांबला नव्हता. पुढचे काही दिवस ढिगाऱ्यातून मृतदेह मिळत राहिले. ‘दुपारी साडेचारपर्यंत, पोलिसांच्या माहितीनुसार’ एवढे शब्द असले की संध्याकाळी आकडा बदलला तरी दुपारची बातमी खोटी ठरत नाही. जुनी पोस्ट पुसू नका. तिच्यातच वर नवी माहिती घाला आणि केव्हा बदल केला ते लिहा.

आता आलेल्या व्हिडिओंचं. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 लाही प्रोबेस कंपनीत मोठा स्फोट झाला होता. महिना तोच, औद्योगिक वसाहत तीच, आकाश तसंच पांढुरकं, पत्र्याच्या शेड तशाच. त्या वेळची क्लिप आजची म्हणून खपवायला काही कौशल्य लागत नाही, आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. व्हॉट्सॲपवरून फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओत तो केव्हा, कुठल्या फोनवर काढला ही माहिती उरत नाही. म्हणून पाठवणाऱ्याला विचारा: तुम्ही स्वतः काढला का? काढला असेल तर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती माहिती टिकते. कुठल्या गच्चीवरून, तेही विचारा. दुकानाची पाटी, पाण्याची टाकी, विजेचा खांब, काहीतरी ओळखीचं त्यात दिसायला हवं. स्थानिक संस्थेला इथे राष्ट्रीय वाहिनीपेक्षा मोठा फायदा आहे: तुमच्या माणसाला ती टाकी माहीत असते. तो फायदा घाईत उधळू नका.

लाइव्हला तर मध्ये दुसरा माणूस उभाच राहू शकत नाही, म्हणून लाइव्हचा नियम आधीच ठरवून ठेवावा लागतो. 20 ऑगस्ट 2024 ला बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, तेव्हा असंख्य फोन एकाच वेळी लाइव्ह होते. प्रकरण लहान मुलींवरच्या अत्याचाराचं होतं. पॉक्सो कायद्याचं कलम 23 सांगतं की माध्यमांनी बालकाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीच देऊ नये. गर्दीत कुणीतरी भावनेच्या भरात नातेवाइकाचं नाव घेतं आणि ते तुमच्या पानावरून गेलेलं असतं. अशा प्रकरणात आमच्याकडून लाइव्ह जाणार नाही, रेकॉर्ड करून तपासूनच जाईल, असं कार्यालयात लिहून लावा. दहा मिनिटं उशीर होईल. होऊ दे.

पाडव्याला तालीम

स्फोटाची तारीख आधी कळत नाही, पाडव्याची कळते. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि ती प्रथा पुढे महाराष्ट्रभर गेली. एकत्र काम करण्याची घडी बसवायला यापेक्षा चांगला दिवस नाही. मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली, मंडळी ओळखीची, आणि चूक झाली तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही. फडके रोडवरची दिवाळी पहाटही तालमीला चालेल, फक्त तिथे उजेड उशिरा येतो.

तालमीत मुद्दाम हे करून बघा. एक जण फक्त व्हिडिओ, एक फक्त छायाचित्रं आणि नावं, एक घरी बसून लावणारा. नावं हा वेगळ्या माणसाचा विषय का, ते अनुभवाने कळेल. चित्ररथ कुठल्या शाळेचा, लेझीम पथक कुठलं, हे नंतर कुणालाच आठवत नाही. आणि स्थानिक बातमीत लोक आधी स्वतःचं नाव शोधतात, मग ते बरोबर लिहिलंय का ते बघतात. चौकात गर्दी झाली की मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, तेव्हा लाइव्हच्या भरवशावर राहू नका. फोनमध्ये पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. यात्रेत ढोल-ताशा वाजतो तोवर ठीक. पुढच्या ट्रकवर सिनेमाचं गाणं लागलं की तुमच्या व्हिडिओवर गाण्याच्या मालकाचा दावा येणार. तेवढा आवाज काढून टाकायचा किंवा तिथे कॅमेरा बंद करायचा, हे शूट करणाऱ्याला आधी माहीत हवं.

फोनच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो, बाकी यूट्यूबवर हवं तेवढं मिळेल. पहिली: आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. बहुतेक फोन मुळात सेकंदाला 30 फ्रेमवर असतात, त्यामुळे सभागृहातल्या किंवा महापालिकेच्या दालनातल्या दिव्यांखाली चित्रावर पट्टे सरकतात किंवा लुकलुकतं. 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की बहुतेक वेळा हा त्रास जातो. फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात तो पर्याय नसेल तर वेगळं कॅमेरा ॲप घ्या. दुसरी: एकाच शॉटमधून आडवं आणि उभं दोन्ही काढायचं असेल तर 4के मध्ये शूट करा आणि माणूस मध्ये ठेवा. 3840 बाय 2160 च्या चौकटीतून उभा तुकडा कापला तर तो 1215 रुंदीचा मिळतो. रीलला 1080 लागते, म्हणजे दर्जा जात नाही. मात्र मिनिटाला साधारण पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी जागा जाते, त्याची सोय हवी. आणि माइकला पैसे कॅमेऱ्याच्या आधी द्या. चित्र थोडं हललेलं लोक बघतात; आवाज ऐकू येत नसेल तर पुढे सरकतात.

कपाटातली श्री-लिपी

या भागातल्या ज्या पत्रांना वीस-पंचवीस वर्षं झाली आहेत, त्यांच्याकडे एक ठेव आहे आणि ती बहुधा पेजमेकरच्या किंवा क्वार्कच्या फाइलींत, श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये अडकली आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचे फाँट यांनी मराठी छपाई संगणकावर आणली, हे खरं. पण त्या फाइलींतला मजकूर यंत्राच्या दृष्टीने मराठी नाहीच, ती इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रं आहेत. शोधात ती सापडत नाहीत. संकेतस्थळावर टाकली तर ‘डोंबिवली’च्या जागी भलतंच काही उमटतं.

नवं काम आजपासून फक्त युनिकोडमध्ये करा. ऑपरेटर कुरकुरेल, कारण त्याची बोटं जुन्या कळफलकावर बसलेली असतात. त्याला त्याच मांडणीचा युनिकोड कळफलक बसवून द्या. जुनं सगळं एकदम बदलायला जाऊ नका. आधी सालवार पीडीएफ करून ठेवा, मग ज्याला मागणी आहे ते बदला: शहराच्या इतिहासावरचे लेख, निवडणुकांचे निकाल, 26 जुलै 2005 च्या पुरासारख्या घटनांचे अंक. कन्व्हर्टर वापरलात की ‘दुसऱ्या’, ‘ॲड.’, ‘कर्तृत्व’ असे शब्द आधी शोधा. रफार, ॲ आणि ऱ्य यांत हमखास गडबड होते. हे वाचायला माणूस लागतोच.

फाइलीचं नाव तारखेने सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, मग जागा, मग विषय. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक कार्यालयाबाहेर. यूट्यूबवर आहे म्हणजे जपलेलं आहे असं समजू नका. 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आल्या तर वाहिनी बंद होऊ शकते, आणि तिच्याबरोबर सगळे व्हिडिओ जातात. मे 2025 मध्ये एएनआय वृत्तसंस्थेची दृश्यं वापरल्यावरून आलेल्या स्ट्राइक आणि परवान्यासाठी मागितलेल्या रकमा यांवरून यूट्यूबरांनी मोठा वाद केला. चालू घडामोडींचं वृत्त देताना दुसऱ्याच्या सामग्रीच्या उचित वापराची मुभा भारतीय कायद्यात आहे, पण प्लॅटफॉर्म आधी स्ट्राइक लावतो आणि मग तुमचं ऐकतो. दुसऱ्याची दृश्यं उचलायची सवय छोट्या संस्थेला परवडत नाही.

कागद

कंटाळवाणा भाग आहे, पण भांडणं इथेच होतात. कॉपीराइट कायदा 1957 चा, आणि तो आपल्या समजुतीपेक्षा वेगळा आहे.

तुमच्या वर्तमानपत्रात पगारावर असलेल्या पत्रकाराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर कलम 17 प्रमाणे मालकाचा हक्क वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता असतो. वेगळा करार नसेल तर बाकीचा हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणजे त्याच लेखाचं पॉडकास्ट किंवा पुस्तक करायचं, तर त्याची लेखी परवानगी हवी. बाहेरून लिहिणाऱ्या वार्ताहराचा हक्क तर त्याचाच, जोवर तो लेखी आणि सहीनिशी देत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम व्यवहारात नव्हतं त्याचा उल्लेख करारात नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क मिळालेच नाहीत असं मानलं जातं. लेखक-पत्रकारांनी हे वाक्य कापून पाकिटात ठेवावं. मालकांनी एक पानाचा करार करावा: कुठे कुठे वापरणार, किती वर्षं, प्रत्येक वापराचे किती पैसे. छापील बातमीच्या मानधनात व्हिडिओ आणि रील गुंडाळून टाकायची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे, आणि चांगली माणसं तिच्यामुळेच सोडून जातात.

शूटिंगवाल्यांनी हे वाचा. पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्रांचे आणि चित्रफितीचे पहिले मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारे असतात. लग्नाचा अल्बम तुम्ही केलात म्हणून त्यातली नवरी तुमच्या इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत वापरता येत नाही. बुकिंगच्या पावतीवरच परवानगीचा रकाना छापा. बहुतेक जण आनंदाने सही करतात. ज्यांना नको त्यांचं आधी कळतं.

नोंदणीचं थोडक्यात. छापील नियतकालिकांना 1 मार्च 2024 पासून 1867 च्या जुन्या कायद्याऐवजी 2023 चा नवा कायदा लागू आहे आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. संकेतस्थळ किंवा यूट्यूब वाहिनी त्यात येत नाही. ‘आमची वाहिनी सरकारमान्य नोंदणीकृत’ असं सांगून ओळखपत्रं विकणाऱ्यांपासून लांब राहा. डिजिटल बातम्यांसाठी फेब्रुवारी 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यातल्या आचारसंहितेच्या काही तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्थगिती दिली. तरी तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि ईमेल पानावर द्या, 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत उत्तर, ही त्या नियमांतली शिस्त पाळा. वकिलाची नोटीस येण्याआधी बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

सकाळी रील, दुपारी प्रश्न

यंत्रांबरोबर आणखी एक गोष्ट एक झाली, आणि तिच्याबद्दल आपल्या भागात कुणी बोलत नाही. जो मुलगा सकाळी इच्छुक उमेदवाराची रील शूट करतो, तोच दुपारी बूम घेऊन त्याला खड्ड्यांबद्दल विचारतो. फोन तोच, ॲप तेच, कधी कधी कपडेही तेच. उमेदवार पैसे कशाचे देतोय, रीलचे की दुपारच्या मऊ प्रश्नाचे, हे दोघांनाही सांगता येणार नाही.

प्रचाराचं काम करू नका, असं मी सांगणार नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला लागायलाच 1000 सदस्य लागतात, आणि त्यांच्याबरोबर बारा महिन्यांत 4000 तास पाहिलेला वेळ किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यू. आणि ते झाल्यावरही मराठी स्थानिक बातमीवर घर चालत नाही. जाहीर नोटिसा, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि चित्रीकरणाची कामं यांवरच गाडी चालते. पण त्यासाठी वेगळं नाव, वेगळं पान, वेगळं पावतीपुस्तक आणि शक्यतो वेगळा माणूस ठेवा. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याची मुलाखत बातमी म्हणून गेली तर वर ‘जाहिरात’ असं, वाचता येईल एवढ्या अक्षरात, लिहा. एखाद-दुसरा ग्राहक नाराज होईल. निवडणूक संपल्यावरही तुम्हाला याच शहरात राहायचं आहे, आणि सराफ व क्लासवाले ज्या पानावर लोकांचा विश्वास आहे तिथेच वर्षभर जाहिरात देतात.

दुसरा माणूस कुठून आणायचा

आता राहिला खर्च. दोन पगार परवडत नाहीत, हे खरं आहे. पण दुसऱ्या माणसाला कॅमेरा यायची गरज नाही, दिवसभर बसायचीही नाही. त्याला मराठी नीट यावी, गाव माहीत असावं, फोन करायची लाज नसावी आणि नाही म्हणायची भीती नसावी. डोंबिवली-कल्याण-ठाण्यात निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, जुने मुद्रितशोधक यांची कमतरता नाही. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास, घरूनच, ठरलेल्या मानधनावर. त्यांना बातम्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घ्या. ‘ठाकुर्ली’ कसं लिहायचं, ‘मनपा’ म्हणायचं की ‘महापालिका’, मृताच्या नावाआधी ‘श्री.’ लावायचं का, अशा शब्दांची यादी पहिल्या महिन्यात त्यांच्याकडूनच करून घ्या. दोघांचीच संस्था असेल आणि तिसरा परवडतच नसेल तर एकमेकांची बातमी एकमेकांनी वाचायची, स्वतःची स्वतः टाकायची नाही.

घरून काम करणाऱ्या या निवृत्त बाईंना किंवा गृहस्थांना एक अधिकार लेखी द्या: बातमी थांबवण्याचा. आणि तो मालकाचा फोन आल्यावरही लागू राहील, हे त्याच कागदावर लिहा.